आरशामागची जागा

इल्गीझ आला तेव्हा उफात उणे बावीस होतं.
अशा थंडीत काच गोंद धरत नाही, मी म्हटलं,
रात्रभर गाडी आत राहू दे, हीटरपाशी.
गाडी म्हणजे निवा, हिरवी, एकतीस वर्षांची,
मागच्या सीटवर बटाट्याच्या पोत्याची माती
आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमिट.

दिसता कामा नये, तो म्हणाला.
चोरांना?
नाही. वडिलांना.

थंडीच्या तोंडावर त्यांनी दोनदा लाल दिवा ओलांडला.
एकदा आगीदेलच्या पुलावर मधोमध थांबून राहिले,
इंजिन चालू, मागे हॉर्नची रांग.
विचारलं तर म्हणतात, नदी गोठली का ते बघत होतो.
किल्ली काढून घ्यायची हिंमत नाही माझ्यात.
निदान लक्ष तरी ठेवावं.

सतरा वर्षं मी हेच करते.
नवरा बायकोच्या गाडीत बसवून घेतो,
मालक ड्रायव्हरच्या.
मी कारण विचारत नाही.
कारण कळलं की दर कमी करावा लागतो.

सकाळी काच स्पिरिटने पुसली, दोनदा.
हेअर ड्रायर आतून फिरवला, धीराने,
मग हाताची पाठ लावून बघितली:
निजलेल्या पोराच्या कपाळाइतकी कोमट.
पट्टी दाबून धरली साठ मोजेपर्यंत.
साठ मी आईच्या भाषेत मोजते,
रशियनमध्ये मोजले की घाई होते.

कॅमेरा आरशाच्या पाठीला,
पण वायपर पुसतो त्या कमानीच्या आत.
चकाकणारं नाव काळ्या चिकटपट्टीखाली,
निळा दिवा बंद, आवाज बंद.
तार छताच्या अस्तरात सारली प्लास्टिकच्या पात्याने,
फोम गुंडाळला, खडखडू नये म्हणून,
मग खांबाच्या आवरणातून खाली.
(नव्या गाडीत तिथे एअरबॅग असते,
तिच्या मागून न्यावं लागतं.
या निवात तिथे गंज होता
आणि सूर्यफुलाची एक बी.)
फ्यूज असा निवडला की किल्लीबरोबर जागेल
आणि किल्लीबरोबरच झोपेल,
नाहीतर रात्रीत बॅटरी उतरते
आणि सगळं बिंग फुटतं.

शेवटी ड्रायव्हरच्या जागी बसून बघितलं.
काही नाही. आरसा,
आरशात मी.

मार्चच्या शेवटी म्हातारा स्वतःच आला.
मिन्निगाली बाबाय. टोपी काढली नाही.
तूच ना ती?
मी हात पुसत राहिले.
आरसा बोटभर उजवीकडे सरकलाय, म्हणाला,
एकतीस वर्षं त्यात मागचा रस्ता बघतोय.
पहिल्याच दिवशी कळलं.

काढून टाकू?

काढू कशाला? पट्टी सुटत आलीय उन्हाने.
परवा पुलावर तो नुसता आभाळाकडे बघत होता.
आता बर्फ फुटेल, या आठवड्यात, फार तर पुढच्या.
लहानपणी पोरगं हट्ट करायचं, बर्फ फुटताना दाखव म्हणून,
आणि माझी पाळी असायची कारखान्यात.
नदी नीट दिसली पाहिजे. रोज रात्री बघतो ना तो.

मी जुना गोंद दोऱ्याने कापून काढला.
तेवढ्यात तो म्हणाला, आवाज येतो का यात?
बंद ठेवलाय.
सगळा हिवाळा?
सगळा हिवाळा.
बराच वेळ तो दाराबाहेर बघत राहिला,
छपरावरून पाणी गळत होतं तिकडे.
चालू करायला काय लागतं?
काही नाही, एक बटण.
हं, म्हणाला. दाब असं म्हणाला नाही,
नको असंही नाही.

नवी पट्टी लावली, भिंग नखभर खाली घेतलं.
मोजायला लागले. तीस-बत्तीसच्या सुमारास
तोही मोजू लागला माझ्याबरोबर, त्याच भाषेत,
आणि साठानंतर थांबला नाही,
सत्तरीपर्यंत गेला.

पैसे घेतले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मासे घेतले.
निघताना काच खाली करून म्हणाला, लक्ष असू दे.
माझ्याकडे बघून म्हणाला की आरशाकडे,
ते मला तिथून दिसलं नाही.